ब्राउझरच्या पीडीएफ व्ह्यूअरमधली मेमरी त्रुटी : नेमकं काय बिघडतं आणि किती काळजी करायची?

प्रश्न असा आहे : ब्राउझरच्या नव्या अपडेटसोबतच्या टिपणीत पीडीएफ व्ह्यूअरमधल्या 'यूज-आफ्टर-फ्री' (सोडून दिलेली मेमरी पुन्हा वापरण्याच्या) त्रुटीचा उल्लेख आहे. गांभीर्य 'हाय' लिहिलंय, बाकी तपशील झाकून ठेवलाय. मग नुसती पीडीएफ उघडली तर संगणक दुसऱ्याच्या ताब्यात जातो का? सँडबॉक्स, म्हणजे ब्राउझरच्या भागांना बंदिस्त ठेवणारं कुंपण, असताना एवढी चिंता कशाला? आणि ब्राउझरमधला व्ह्यूअर बंद करून वेगळा रीडर वापरावा का?

आधी उत्तरं, मग कारणं. फाइल नुसती उघडून हल्लेखोराचा कोड चालू शकतो, पण तो चालतो ब्राउझरच्या एका बंदिस्त प्रोसेसमध्ये. तिथून अख्ख्या संगणकावर पोचायला बहुतेक वेळा आणखी एक त्रुटी हाताशी लागते. व्ह्यूअर बंद करून बाहेरचा रीडर वापरणं हा माझ्या मते बहुतेकांसाठी तोट्याचा व्यवहार आहे. करायचं ते एवढंच की ब्राउझर अपडेट करा आणि तो खरोखर बंद करून पुन्हा सुरू करा. तुमचा स्वतःचा सर्व्हर पीडीएफ हाताळत असेल तर मात्र गोष्ट वेगळी. त्याबद्दल शेवटी लिहितो, कारण खरा धोका मला तिथेच जास्त दिसतो.

पीडीएफ म्हणजे कागदाचं चित्र, हा समज आधी सोडायला हवा. अडोबीने १९९३ मध्ये आणलेला हा फॉरमॅट २००८ मध्ये आयएसओ ३२००० या नावाने प्रमाण झाला, आणि या प्रवासात त्याच्या पोटात बरंच काही जमा झालं : जेपीईजी, जेपीईजी २०००, फॅक्सच्या जमान्यातलं सीसीआयटीटी, जेबिग२ अशा चित्रांच्या अनेक पद्धती, निरनिराळ्या प्रकारचे फॉन्ट, एन्क्रिप्शन, भरता येणारे फॉर्म, त्या फॉर्ममागे चालणारी जावास्क्रिप्ट, आणि एक्सएफए नावाचा एक्सएमएलवर उभा असलेला आणखी एक फॉर्मचा संसार. हा शेवटचा २०१७ च्या पीडीएफ २.० मध्ये कालबाह्य ठरवला गेला, पण जुन्या फाइली जगात आहेत म्हणून त्याचा कोडही काही ठिकाणी जिवंत आहे. यातल्या प्रत्येक भागासाठी व्ह्यूअरमध्ये वेगळा पार्सर (रचना वाचणारा कोड) किंवा डिकोडर (दाबून साठवलेलं चित्र उलगडणारा कोड) असतो, आणि त्या प्रत्येकाला मिळणारा मजकूर अनोळखी माणसाने लिहिलेला असतो.

क्रोममध्ये हे काम पीडीएफियम नावाची लायब्ररी, म्हणजे तयार कोडचा संच, करते. मूळ कोड फॉक्सिटचा. गूगलने तो २०१४ मध्ये मुक्त स्रोत म्हणून खुला केला. भाषा सी++. म्हणजे मेमरी कधी घ्यायची, कधी सोडायची आणि सोडल्यावर तिला हात लावायचा नाही, हे सगळं पाळणं प्रोग्रामरच्या अंगावर.

'मी अनोळखी पीडीएफ उघडतच नाही' हा बचावही पुरेसा नाही. वेबपानाला स्वतःच्या पोटात, अगदी डोळ्याला न दिसणाऱ्या चौकटीतही पीडीएफ बसवता येते. पान उघडलं की व्ह्यूअर आपोआप कामाला लागतो. वापरणाऱ्याच्या लेखी त्याने फक्त एका दुव्यावर क्लिक केलेलं असतं.

आता यूज-आफ्टर-फ्री. पीडीएफमध्ये एक फॉर्म आहे, त्यात एक रकाना आहे, आणि रकान्यातून बाहेर पडताना चालवायची छोटी स्क्रिप्ट फाइलमध्येच लिहिलेली आहे. तुम्ही दुसरीकडे क्लिक करता. व्ह्यूअरमधलं एक सी++ फंक्शन जागं होतं. त्याच्या हातात त्या रकान्याच्या 'खिडकी'चा, म्हणजे रकाना पडद्यावर दाखवणाऱ्या मेमरीतल्या वस्तूचा (ऑब्जेक्टचा), पॉइंटर, म्हणजे मेमरीतला पत्ता, असतो. ते फंक्शन स्क्रिप्ट चालवतं, स्क्रिप्ट संपायची वाट बघतं, आणि मग त्याच पॉइंटरवरून उरलेलं काम करतं : नवी किंमत (रकान्यात भरलेला मजकूर) लिहायची, रकाना पुन्हा रंगवायचा.

घोळ त्या मधल्या क्षणात आहे. स्क्रिप्ट हल्लेखोराची आहे. ती असं काही करते की रकान्याचं रूप नव्याने बांधावं लागतं, किंवा फोकस भलत्याच ठिकाणी उडी मारतो, आणि या गडबडीत जुनी खिडकी नष्ट होते. तिची मेमरी वाटपकर्त्याकडे, म्हणजे ॲलोकेटरकडे परत जाते. स्क्रिप्ट संपते, मूळ फंक्शन पुढच्या ओळीवर येतं, पण त्याच्या हातातला पत्ता आता कुणाचाच नाही.

एवढ्यावर थांबलं तर फार तर टॅब कोसळेल. हल्लेखोर थांबत नाही. मोकळी झालेली जागा अमुक बाइटची आहे हे त्याला माहीत असतं. बहुतेक ॲलोकेटर त्याच मापाची पुढची मागणी त्याच जागेवर भागवतात, हेही माहीत असतं. म्हणून त्याची स्क्रिप्ट लगेच त्याच मापाच्या वस्तू ढिगाने तयार करते. त्यातली एखादी नेमकी त्या जागी बसते. आता फंक्शन ज्याला 'खिडकी' समजून वाचतंय तो हल्लेखोराने भरलेला मजकूर आहे. सी++ च्या वस्तूंमध्ये सहसा अगदी सुरुवातीला त्यांच्या व्हर्च्युअल फंक्शनांच्या तक्त्याचा पत्ता असतो. तो पत्ताच हल्लेखोराने लिहिलेला असला की पुढची उडी कुठे मारायची हे तोच ठरवतो. मेमरीतले पत्ते दर वेळी बदलत असल्यामुळे त्याला आधी एखादा खरा पत्ता बाहेर काढावा लागतो, म्हणजे काम वाढतं, पण अडत नाही.

या सगळ्यात जावास्क्रिप्ट दोनदा कामी आली, हे लक्षात घ्या. आधी वस्तू वेळेच्या आधी मारायला, मग रिकाम्या जागेत हवं ते भरायला. फॉर्म आणि स्क्रिप्ट जिथे एकत्र येतात तो भाग पीडीएफियममध्ये वर्षानुवर्षं दुखरा राहिलाय तो याच कारणाने.

अशा त्रुटी कोड वाचताना सापडत नाहीत का? फार अवघड जातं. संशयास्पद ओळ एकही नसते. 'किंमत बदलली हे कळव' असं सरळ नाव असलेलं फंक्शन सहा-सात पायऱ्या खाली जाऊन कुठेतरी स्क्रिप्ट चालवतं, हे वरच्या पायरीवर उभं राहून दिसत नाही. दुरुस्ती मात्र अनेकदा दोन-तीन ओळींची असते : कच्च्या पॉइंटरऐवजी, वस्तू मेली की आपोआप रिकामा होणारा पॉइंटर धरायचा, आणि स्क्रिप्टवरून परतल्यावर वस्तू जिवंत आहे का ते विचारायचं, नसेल तर मुकाट बाहेर पडायचं. पीडीएफियममध्ये यासाठी ऑब्झर्व्ह्डपीटीआर नावाचा प्रकारच आहे. जुनी दुरुस्ती वाचताना हे नाव एखाद्या फंक्शनच्या सुरुवातीला नव्याने आलेलं दिसलं, की तिथे काय घडलं असेल याचा अंदाज बांधता येतो.

फझिंग, म्हणजे यंत्राने लाखो वेडीवाकडी इनपुट देऊन बघणं, इथे मदत करतं, पण अर्धीच. ॲड्रेससॅनिटायझर हे मेमरीच्या चुका पकडणारं साधन घालून बांधलेली आवृत्ती सोडलेल्या मेमरीला कुणी हात लावला की जागीच थांबते आणि वस्तू कुठे घेतली, कुठे सोडली, कुठे पुन्हा वापरली हे तिन्ही सांगते. चुकीची जागा दाखवण्यात याच्याइतकं उपयोगी हत्यार मला दुसरं माहीत नाही. पण त्या जागेपर्यंत पोचायला इनपुट शहाणं लागतं : रचना धड असलेला फॉर्म, योग्य घटनेला बांधलेली स्क्रिप्ट, वर नेमक्या क्रमाने क्लिक. नुसते बाइट उलटेपालटे करून हे जुळत नाही.

डिकोडरांचं उलट आहे. तिथे फझिंग भरभरून पीक देतं आणि स्क्रिप्टची गरजही लागत नाही. मला सगळ्यात बोलकं वाटणारं उदाहरण मे २०१६ मधलं आहे, सीव्हीई-२०१६-१६८१ (सीव्हीई म्हणजे जाहीर त्रुटींना दिला जाणारा क्रमांक). पीडीएफियम जेपीईजी २००० चित्रांसाठी ओपनजेपेग ही दुसऱ्यांची लायब्ररी वापरतं. तिच्यात एके ठिकाणी बफरच्या, म्हणजे राखून घेतलेल्या मेमरीच्या, पलीकडे लिहिलं जाऊ शकत होतं. लायब्ररी लिहिणाऱ्यांना ही शक्यता दिसली होती, त्यांनी तिथे असर्ट, म्हणजे अट मोडली तर प्रोग्राम थांबवणारी तपासणी, घालून ठेवलं होतं, आणि लायब्ररी स्वतंत्रपणे बांधली तर ते असर्ट ओव्हरफ्लो होण्याआधीच प्रोग्राम थांबवत होतं. पण लोकांना वाटल्या जाणाऱ्या क्रोमच्या बिल्डमध्ये, म्हणजे बांधून तयार केलेल्या आवृत्तीत, असर्ट वगळलेली असतात. म्हणजे पहारेकरी होता, पण फक्त कारखान्यात; दुकानात आलेल्या मालासोबत तो आलाच नाही. सिस्कोच्या टॅलोस या सुरक्षा संशोधन गटाने हे शोधलं आणि क्रोम ५१ मध्ये दुरुस्ती आली : असर्टच्या जागी साधी इफची अट, एका ओळीचा बदल. जेपीईजी २००० चित्र असलेली पीडीएफ नुसती दिसली तरी पुरे होतं.

त्याच जातीचं दुसरं उदाहरण ऑक्टोबर २०२० मधलं. फॉन्ट वाचणाऱ्या फ्रीटाइप लायब्ररीत, फॉन्टमध्ये बसवलेल्या पीएनजी चित्राची रुंदी-उंची सोळा बिटांत कोंबताना कापली जायची. जागा घेतली जायची कापलेल्या मापाने आणि चित्र भरलं जायचं मूळ मापाने. सीव्हीई-२०२०-१५९९९ असा तिचा क्रमांक. दुरुस्ती येण्याआधीच तिचा वापर प्रत्यक्ष हल्ल्यात झाला होता.

आणि ज्यांना वाटतं की स्क्रिप्ट बंद केली की पीडीएफ निर्जीव झाली, त्यांनी २०२१ चं फोर्स्डएंट्री प्रकरण बघावं. ते ब्राउझरमधलं नव्हे, ॲपलच्या आयमेसेजमधलं. सिटिझन लॅब या संशोधन गटाने उघडकीला आणलेलं आणि एनएसओ ग्रुप या हेरगिरीचं सॉफ्टवेअर विकणाऱ्या कंपनीशी जोडलेलं. जिफ म्हणून आलेली फाइल आतून पीडीएफ होती आणि तिच्यात जेबिग२ चित्र होतं. डिकोडरमध्ये पूर्णांक ओव्हरफ्लो होऊन, म्हणजे आकडा ठरलेल्या जागेत न मावून, बफर लहान पडायचा. जेबिग२ मध्ये स्क्रिप्ट नसते, पण दोन चित्रांवर अँड, ऑर, एक्सॉर अशा तार्किक क्रिया करण्याची सोय असते. हल्लेखोरांनी ७० हजारांहून अधिक सेगमेंट आज्ञा रचून त्या क्रियांतून लॉजिक गेट उभे केले आणि त्यांतून रजिस्टर, बेरीज करणारं सर्किट असलेला एक छोटा संगणकच डिकोडरच्या आत बांधला. गूगलच्या प्रोजेक्ट झीरो या त्रुटी शोधणाऱ्या गटाने त्याची चिरफाड केली तेव्हा या क्षेत्रात मुरलेली माणसंही थक्क झाली होती. काळ्या-पांढऱ्या स्कॅनमध्ये जागा वाचवण्यासाठी केलेला हा फॉरमॅट!

आता सँडबॉक्स. क्रोममध्ये पीडीएफ ज्या प्रोसेसमध्ये रंगवली जाते तिला तुमच्या फाइली थेट उघडता येत नाहीत, दुसरे प्रोग्राम सुरू करता येत नाहीत. जे काही हवं ते मुख्य ब्राउझर प्रोसेसकडे मागावं लागतं. त्यामुळे वर सांगितलेली पूर्ण कसरत यशस्वी झाली तरी हल्लेखोर एका खोलीत कोंडलेला असतो. २०१८ पासून डेस्कटॉपवर वेगवेगळ्या साइट वेगवेगळ्या प्रोसेसमध्ये ठेवल्या जातात, म्हणून शेजारच्या टॅबमधलं बँकेचं पानही त्याच्या सहज हाती लागत नाही.

पण कोंडलेला म्हणजे निरुपद्रवी नव्हे. त्या खोलीतून तो मुख्य प्रोसेसला आणि ऑपरेटिंग सिस्टिमच्या कर्नलला, म्हणजे गाभ्याला, हवे तसे संदेश पाठवू शकतो, आणि तिथे एखादी त्रुटी असेल तर बाहेर पडू शकतो. २०१९ च्या मार्चमध्ये नेमकं हेच दिसलं : क्रोमच्या फाइलरीडर भागातली यूज-आफ्टर-फ्री, सीव्हीई-२०१९-५७८६, आणि विंडोज ७ च्या कर्नलमधली दुसरी त्रुटी अशी जोडी प्रत्यक्ष हल्ल्यात वापरली गेली. ती पीडीएफमधली नव्हती, पण साखळीचा पहिला दुवा पीडीएफचा असता तरी पुढचं सगळं तसंच राहिलं असतं.

टिपणीतल्या 'हाय' चा अर्थ इथून लागतो. सँडबॉक्सच्या आत कोड चालवू देणारी त्रुटी क्रोमच्या पट्टीवर साधारण 'हाय' ठरते. त्या एकटीने सँडबॉक्सबाहेर नेलं तर 'क्रिटिकल'. म्हणजे 'हाय' वाचून संगणक गेला असं समजू नका, आणि 'क्रिटिकल नाही ना' म्हणून पुढच्या महिन्यावरही ढकलू नका.

तपशील का झाकतात, यावर लोक उगाच संशय घेतात. बहुतेकांपर्यंत दुरुस्ती पोचेपर्यंत बग अहवाल बंद ठेवला जातो, एवढंच. पण कोड उघडा आहे. दुरुस्तीची ओळ कोडच्या भांडारात जाते त्या दिवशी ती कुणालाही वाचता येते, आणि आधी सांगितलं तसं, ती दोन ओळींची असली तरी जाणकाराला मूळ चूक दाखवते. दुरुस्ती कोडमध्ये येणं आणि तुमच्या यंत्रावर पोचणं यात जो काळ जातो तोच हल्लेखोराचा. गूगलच्या सांगण्यानुसार क्रोम ७७ च्या आधी हे अंतर सरासरी ३५ दिवसांचं होतं, पंधरवड्याला सुरक्षा अपडेट द्यायला लागल्यावर ते १५ दिवसांच्या आसपास आलं, आणि ऑगस्ट २०२३ मध्ये क्रोम ११६ पासून अपडेट दर आठवड्याला येऊ लागली. ही सगळी धडपड वाया घालवायला एक सवय पुरते : चाळीस टॅब उघडे आहेत म्हणून आठवडाभर ब्राउझर बंदच न करणं. अपडेट उतरलेली असते, पण चालू असतो तो जुनाच कोड.

फायरफॉक्सचा मार्ग वेगळा आहे. त्याचा पीडीएफ.जेएस हा व्ह्यूअर जावास्क्रिप्टमध्ये लिहिलेला असून फेब्रुवारी २०१३ च्या फायरफॉक्स १९ पासून तो ब्राउझरसोबतच येतो. त्याच्या स्वतःच्या कोडमध्ये वर वर्णन केलेली यूज-आफ्टर-फ्री होऊच शकत नाही, कारण मेमरी तो हाताने सोडतच नाही. हा फार मोठा फायदा आहे आणि रचना म्हणून मला तो जास्त आवडतो. तरी दोन गोष्टी नोंदवतो. ऑगस्ट २०१५ मध्ये याच व्ह्यूअरशी निगडित त्रुटीतून संगणकावरच्या फाइली चोरल्या गेल्या होत्या. मेमरी शाबूत होती, मोडली ती एका साइटला दुसऱ्या ठिकाणचं वाचू न देणारी हद्द. आणि मे २०२४ मध्ये सीव्हीई-२०२४-४३६७ सापडली : फॉन्टच्या मॅट्रिक्समध्ये आकडेच असतील असं गृहीत धरून त्यातला मजकूर थेट नव्या फंक्शनच्या कोडमध्ये चिकटवला जात होता, त्यामुळे आकड्याच्या जागी स्क्रिप्ट लिहिली की ती चालायची. फायरफॉक्स १२६ मध्ये ती बुजवली गेली. सुरक्षित भाषा त्रुटींचा एक अख्खा वर्ग पुसते, सगळे वर्ग नाही.

पण तो एक वर्ग किती मोठा आहे? क्रोमियमच्या लोकांनी २०१५ पासूनच्या ९१२ गंभीर त्रुटी तपासून २०२० मध्ये सांगितलं की सुमारे ७० टक्के मेमरीच्या गैरहाताळणीतून आल्या, आणि त्यातल्या जवळपास निम्म्या यूज-आफ्टर-फ्री. त्यांच्याकडे एक नियम आहे : अनोळखी इनपुट, असुरक्षित भाषा आणि सँडबॉक्सचा अभाव, या तिन्हींपैकी एका वेळी जास्तीत जास्त दोनच चालतील. पीडीएफियम पहिल्या दोन्हींत बसतो, म्हणून तिसऱ्याला परवानगीच नाही.

हाच नियम हातात घेऊन बाहेरच्या रीडरचा विचार करा. तोही बहुधा सी किंवा सी++ मध्येच लिहिलेला, त्यालाही अनोळखी फाइलच मिळणार. त्याला सँडबॉक्स आहे का, असल्यास चालू आहे का, तो आपोआप अपडेट होतो का? मोजके रीडर या कसोटीला उतरतात. जे उतरत नाहीत त्यांच्या हाती फाइल देणं म्हणजे आगीतून उठून फुफाट्यात. फाइल फारच संशयास्पद असेल, तर ती ज्या यंत्रावर तुमचं काही नाही अशा व्हर्च्युअल मशीनमध्ये उघडा. फायरफॉक्स वापरत असाल तर पीडीएफमधली स्क्रिप्ट अबाउट:कॉन्फिग या सेटिंगच्या प्रगत पानावरून बंद करता येते. फॉर्ममधली आपोआप होणारी आकडेमोड तेवढी थांबेल.

राहिला सर्व्हर. पीडीएफियम ही फक्त ब्राउझरची चीज नाही. अँड्रॉइडचा पीडीएफ रेंडरर तिच्यावर उभा आहे, पायथनसह अनेक भाषांत तिची वेष्टनं मिळतात, आणि अपलोड झालेल्या फाइलचं पहिलं पान चित्र म्हणून दाखवायला कितीतरी वेबसेवा तीच वापरतात. तिथे सँडबॉक्स नसतो, कारण सँडबॉक्स क्रोमचा होता, लायब्ररीचा नव्हे. आणि ब्राउझरमधली प्रत दर आठवड्याला बदलत असताना तुमच्या डिपेंडन्सीच्या (बाहेरून घेतलेल्या लायब्ररींच्या) यादीत दोन वर्षांपूर्वी खिळवून ठेवलेली आवृत्ती तशीच असते. वरचा तिघांपैकी दोघांचा नियम इथे राजरोस मोडलेला असतो, आणि मोडल्याचं कुणाच्या लक्षातही आलेलं नसतं.

असा सर्व्हर तुमच्याकडे असेल तर आजच आवृत्ती बघा. नुसती चित्रं काढायची असतील तर व्ही८ (जावास्क्रिप्ट चालवणारं इंजिन) आणि एक्सएफए दोन्ही वगळून बांधलेला पीडीएफियम घ्या. फॉर्म आणि स्क्रिप्टमधल्या त्रुटींचा सगळा कारखाना त्यामुळे बायनरीतच येत नाही. डिकोडर तरीही राहतात, म्हणून रूपांतर एका वेगळ्या, अधिकार नसलेल्या प्रोसेसमध्ये करा : नेटवर्क बंद, डिस्कवर लिहिण्याची मुभा एकाच तात्पुरत्या फोल्डरपुरती, मेमरी आणि वेळेला मर्यादा, आणि प्रत्येक फाइलसाठी नवी प्रोसेस. ती प्रोसेस कोसळली तर 'खराब फाइल' म्हणून दुर्लक्ष करू नका. कोसळवणारी फाइल बाजूला काढून ठेवा आणि ॲड्रेससॅनिटायझर लावलेल्या बिल्डमध्ये पुन्हा चालवून बघा.